फिश टँकमधली पाण्याची पातळी आपोआप राखायची यंत्रणा: घरी कशी बांधायची

होळी झाली की नाशिकची हवा कोरडी पडायला लागते आणि फिश टँकच्या काचेवर क्षारांची पांढरी रेघ उमटते. काल पाणी जिथे होतं तिथे रेघ, आणि आजचं पाणी तिच्याखाली. मे महिन्यात पाणी गार राहावं म्हणून टँकवर छोटा पंखा लावला असेल तर ते आणखी भराभर उतरतं. काचेला लटकवलेल्या फिल्टरचं पाणी उंचावरून पडून आवाज करू लागतं, कॅनिस्टर फिल्टर हवा ओढतो, आणि चालू हीटरचा वरचा भाग उघडा पडला तर त्याची काच तडकू शकते.

रोज मगभर पाणी ओतणं हा उपाय आहेच. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभर गावी जायचं असतं, कामाच्या गडबडीत दोन दिवस राहून जातं, आणि मग एकदम अर्धी बादली ओतली की माशांना तापमानाचा आणि क्षारांचा धक्का बसतो. थोडं थोडं पाणी आपोआप पडत राहिलं तर टँक जास्त स्थिर राहतो. वनस्पती लावलेल्या, कोळंबी पाळलेल्या किंवा खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो.

टायमर लावून रोज ठरावीक वेळ पंप चालवण्याची कल्पना मात्र सोडून द्या. आपल्याकडे बाष्पीभवन ऋतूप्रमाणे फार बदलतं. श्रावणात हवा इतकी दमट असते की पातळी जेमतेम हलते. डिसेंबर-जानेवारीत खोली गार आणि हवा कोरडी, पण हीटरमुळे पाणी २५-२६ अंशांवर असतं, म्हणून थंडीतही पाणी बऱ्यापैकी उडतं. मे महिन्यात बसवलेला टायमर जुलैत टँक उतू घालवील. म्हणून पाणी हवं की नको हे सेन्सरलाच ठरवू द्यायचं. थोडक्यात यंत्रणा अशी: टँकखाली साठ्याचा एक कॅन, त्यातलं पाणी टँकमध्ये चढवणारा छोटा पंप, पातळी पाहणारे सेन्सर आणि पंपाला हुकूम देणारा छोटा बोर्ड.

आता या लेखाचा गाभा. पाणी कमी पडलं तर तुमच्या हातात दोन-चार दिवस असतात. पंप बंदच झाला नाही तर तासाभरात दिवाणखान्यात पाणी होतं. त्यामुळे पंप सुरू कसा होईल यापेक्षा तो थांबेल कसा, याचा विचार आधी करायचा. खालची सगळी मांडणी याच क्रमाने केली आहे.

आधी पट्टी घ्या

टँकची आतली लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि १००० ने भागा. पातळी १ सेंटिमीटर उतरली की किती लिटर गेलं ते मिळतं. तीन फुटी टँकसाठी ९० गुणिले ४५ म्हणजे ४०५०, म्हणजेच सेंटिमीटरला साधारण ४ लिटर. पुढचे सगळे आकडे याच टँकचे आहेत. तुम्ही तुमचे घाला.

मग काचेवर बाहेरून मास्किंग टेप लावा, पातळीची खूण करा आणि आठवडाभर पाणी न घालता रोज त्याच वेळी खूण करत जा. समजा रोज अर्धा सेंटिमीटर उतरतं. म्हणजे रोजचे २ लिटर. हे मोजमाप उन्हाळ्यात केलं तर उत्तम, कारण वर्षातली सगळ्यात मोठी गरज तेव्हाच कळते. आकडा फारच मोठा आला तर आधी काचेचं झाकण करून घ्या. झाकणाने बाष्पीभवन खूप कमी होतं, पण पाणी तापतंही. मे महिन्यात झाकण आणि पंखा यातलं एक निवडावं लागतं.

आता वरची मोकळी जागा पाहा. काच ४५ सेंटिमीटर उंच आणि पाणी ४० वर असेल तर वर ५ सेंटिमीटर, म्हणजे २० लिटर मावतील इतकी जागा आहे. त्यावरून साठ्याच्या कॅनचा आकार ठरतो: १५ लिटर. सेन्सर अडकला, रिले (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच) चिकटला, प्रोग्रॅम गोठला आणि अख्खा कॅन टँकमध्ये रिकामा झाला तरी पातळी पावणेचार सेंटिमीटरच चढेल आणि काठाखाली राहील. २० लिटरचा पाण्याचा जार घेऊन ‘आपण १५ च भरू’ असं ठरवू नका. घाईत कुणीतरी तो काठोकाठ भरतंच. कॅनच मुळात १५ लिटरचा घ्या.

याच कारणासाठी गच्चीवरच्या टाकीची लाईन सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारा-मिटणारा नळ) लावून थेट टँकला जोडू नये. व्हॉल्व्हमध्ये कचऱ्याचा कण अडकून तो उघडा राहिला तर मागे हजार लिटर उभे असतात. शिवाय मे महिन्याच्या दुपारी त्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं आणि त्यात क्लोरीनही असू शकतो.

कॅनमध्ये कोणतं पाणी भरायचं

बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालायचं पाणी जितकं कमी क्षारांचं तितकं चांगलं. हिशेब करून बघा. टँकमध्ये प्रत्यक्षात १५० लिटर पाणी आहे आणि रोज २ लिटर बोअरचं, ५०० टीडीएसचं, म्हणजे लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांचं पाणी पडतंय. रोज १००० मिलिग्रॅम क्षार वाढले, म्हणजे टीडीएस रोज साधारण साडेसहाने आणि महिन्यात २०० ने चढला. तेच आरओचं ५० टीडीएसचं पाणी असेल तर महिन्याची वाढ २० च्या आसपास.

महापालिकेच्या नळाला येणारं गंगापूर धरणाचं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी यांत बराच फरक असतो, आणि उन्हाळ्यात कित्येक सोसायट्यांत दोन्ही एकाच टाकीत मिसळतात. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, भरण्याआधी मोजा. आरओचं शुद्ध पाणी शक्य असेल तर तेच वापरा. आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी इथे चालत नाही, त्यात क्षार अधिकच असतात. नळाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब मापात घालून मगच कॅनमध्ये ओता. आणि खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये भर गोड्या पाण्याचीच घालायची, मीठ मिसळलेल्या पाण्याची नाही. मीठ उडालेलं नसतंच.

ही यंत्रणा पाणी बदलण्याच्या कामाची जागा घेत नाही. नायट्रेट बाहेर काढायला आठवड्याचा पाणीबदल करावाच लागतो.

सेन्सर

बाजारात चार-पाच प्रकार दिसतील. फ्लोट स्विच सगळ्यात साधा: तरंगणाऱ्या गोळ्यात चुंबक, दांड्यात रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच. ऑप्टिकल सेन्सर आकाराने लहान आणि अचूक असतो, पण त्याच्या टोकावर शेवाळ धरलं की फसतो. काचेला बाहेरून चिकटवायचा कॅपॅसिटिव्ह सेन्सर दिसायला सुबक, मात्र आतल्या बाजूला शेवाळाचा किंवा पाण्याचा थर राहिला तर चुकीचं सांगतो. ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर टँकसाठी मी सुचवणार नाही. उघड्या सर्किटचा प्रकार वाफेने गंजतो, आणि जलरोधक प्रकाराला अगदी जवळचं अंतर मोजताच येत नाही, त्यामुळे तो पाण्यापासून बराच वर टांगावा लागतो.

मी तीन फ्लोट स्विच घ्यायला सांगेन. पहिला टँकमध्ये ४० सेंटिमीटरवर, रोजच्या पातळीसाठी. दुसरा त्याच्या २ सेंटिमीटर वर, आणीबाणीसाठी. तिसरा कॅनच्या तळाशी, कॅन रिकामा होत आल्याचं कळण्यासाठी.

आता बारकाईचा भाग. बहुतेक उभ्या फ्लोट स्विचमध्ये गोळा काढून उलटा घातला की स्विचचं वागणं उलटं होतं. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोड लागला की आवाज करणाऱ्या खुणेवर) ठेवून तपासत हे ठरवा. टँकमधले दोन्ही फ्लोट गोळा खाली असताना जोडलेले आणि पाण्याने वर उचलल्यावर तुटलेले हवेत. म्हणजे एखाद्या दिवशी वायर तुटली किंवा जोड गंजला तर यंत्रणेला वाटेल की टँक भरलेला आहे, आणि पंप लागणारच नाही. कॅनमधला फ्लोट याच्या उलट ठेवा: पाणी असताना जोडलेला. त्याची वायर तुटली तर कॅन रिकामा समजून पंप थांबतो. तीनपैकी कुठलीही वायर तुटली की पंप बंदच राहील अशी ही रचना आहे.

फ्लोट बसवताना फिल्टरच्या धारेपासून लांबचा कोपरा निवडा. गोगलगायी असतील तर त्या नेमक्या फ्लोटवर चढून बसतात आणि गोळा खाली दाबतात. पीव्हीसी पाईपचा तुकडा घ्या, त्याला खाली-वर भोकं पाडा आणि फ्लोट आत बसवा. गोगलगायी बाहेर राहतात आणि लाटांमुळे गोळ्याचं खालीवर होणंही थांबतं.

टँकखाली सम्प (फिल्टरसाठी ठेवलेली दुसरी टाकी) असेल तर पहिले दोन्ही फ्लोट सम्पच्या ज्या खणात पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप आहे तिथे लावायचे. अशा टँकमध्ये वरची पातळी हलतच नाही. सगळी घट त्याच खणात दिसते. मग सेंटिमीटरचा हिशेबही त्याच खणाच्या मापाने करा. कॅनचं माप ठरवताना वीज गेल्यावर वरून सम्पमध्ये उतरणारं पाणीही धरा.

पंप आणि नळी

१२ व्होल्टचा छोटा ब्रशलेस पंप पुरे. तासाला २४० लिटर असं लिहिलेला पंप साधारण ५ वॅटचा असतो, पण तो आकडा शून्य उंचीचा. कॅबिनेटमधून मीटरभर वर पाणी चढवताना प्रवाह बराच घटतो. तुमच्या नळीने, तुमच्या उंचीवर, लिटरचं माप भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. समजा ३० सेकंद लागले, तर १५ सेकंदांत अर्धा लिटर. हा आकडा पुढे लागणार आहे.

कॅन टँकच्या खाली, कॅबिनेटमध्ये ठेवा. टँकपेक्षा उंच ठेवला तर एकदा सुरू झालेली धार पंप बंद झाल्यावरही सायफनने चालूच राहील. कॅन खाली असतानाही सायफन उलट्या दिशेने लागू शकतो: नळीचं टोक टँकच्या पाण्यात बुडालेलं असेल तर पंप थांबल्यावर टँकचं पाणी नळीतून कॅनमध्ये उतरतं आणि कॅबिनेटमध्ये सांडतं. म्हणून नळीचं टोक आणीबाणीच्या फ्लोटच्याही वर राहील असं क्लिपने पक्कं बसवा. टोक हवेत असणं ही सायफन तोडण्याची सगळ्यात खात्रीची पद्धत आहे.

वीज जोडणी

पंप १२ व्होल्टचाच निवडण्याचं कारण पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र नकोत हे. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला बंदिस्त अ‍ॅडॅप्टर घ्या. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीला, टँकच्या बाजूला उंचावर लावा. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाला थेंबाथेंबाने गळेल, सॉकेटपर्यंत जाणार नाही. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून आधी तो बसवून घ्या. हीटर आणि फिल्टर तर २३० व्होल्टवरच चालतात, त्यामुळे ही गरज या यंत्रणेपुरती नाही.

मेंदू म्हणून ईएसपी-३२ बोर्ड वापरू, म्हणजे प्रोग्रॅम लिहिता येणारा, वायफाय असलेला छोटा कंट्रोलर. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करायला बक कन्व्हर्टर लागेल. बोर्ड जोडण्याआधी त्याचा स्क्रू फिरवून मल्टीमीटरवर नेमके ५ व्होल्ट करून घ्या, नाहीतर बोर्ड पहिल्याच क्षणी जळू शकतो. रिले मॉड्यूल ‘हाय ट्रिगर’चा (पिनवर व्होल्टेज आलं की रिले लागेल असा) जंपर असलेलं घ्या आणि जंपर हायवर ठेवा. रिलेचा सिग्नल पिन २५ वर, आणि त्याच पिनपासून ग्राउंडला १० किलो-ओहमचा रेझिस्टर, म्हणजे बोर्ड सुरू होताना रिले उगाच लागणार नाही. टँकचा रोजचा फ्लोट पिन २६ वर, कॅनचा २७ वर, बझर ३३ वर. दोन्ही फ्लोटची दुसरी वायर ग्राउंडला, आणि प्रोग्रॅममध्ये त्या पिनांचा अंतर्गत पुल-अप चालू करायचा, म्हणजे फ्लोट तुटलेला असताना पिन ‘हाय’ राहील.

आणीबाणीचा फ्लोट बोर्डाला जोडू नका. तो स्वतंत्र १२ व्होल्टच्या रिलेच्या कॉइलसोबत एकसरीत जोडा, आणि त्या रिलेचा कॉन्टॅक्ट पंपाच्या वायरीत एकसरीत टाका. पाणी नेहमीच्या पातळीवर असताना फ्लोट जोडलेला, रिले ओढलेला, पंपाची वाट मोकळी. पाणी चढलं की फ्लोटची जोडणी तुटते, रिले सुटतो, पंपाचा पुरवठा तुटतो. यात प्रोग्रॅमचा संबंधच येत नाही. बोर्ड गोठला किंवा पहिल्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तरी ही दुसरी वाट स्वतंत्र आहे. पंप थेट फ्लोटमधून चालवू नये, कारण लहान फ्लोटमधला रीड स्विच साधारण अर्धा अँपिअरच सहन करतो आणि पंप सुरू होतानाच्या झटक्याने तो चिकटू शकतो. कॉइलला मात्र जेमतेम ३० मिलिअँपिअर लागतात. पंपाला आणि कॉइलला उलट्या दिशेने एकेक डायोड लावा, १ एन ४००७ चालतो. त्याची पट्टी असलेली बाजू पॉझिटिव्हकडे.

प्रोग्रॅम कसा विचार करेल

पंप फ्लोटच्या सांगण्यावरून सुरू होईल, पण थांबेल घड्याळाने. फ्लोट सलग १० सेकंद ‘कमी’ दाखवत असेल आणि कॅनमध्ये पाणी असेल तर पंप १५ सेकंद चालवायचा, म्हणजे अर्धा लिटर. मग फ्लोट काहीही सांगो, १५ मिनिटं थांबायचं. त्यानंतरही पातळी कमी असेल तर पुन्हा अर्धा लिटर. अर्ध्या लिटरने पातळी साधारण सव्वा मिलिमीटर चढते. माशांना ते जाणवतही नाही.

त्यावर २४ तासांची मर्यादा घाला: गरजेच्या दुप्पट, म्हणजे ४ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरचे ८ डोस. मर्यादा ओलांडली की पंप कुलूपबंद, बझर चालू, आणि त्यासाठी बोर्डाला जोडलेलं बटण हाताने दाबेपर्यंत सुटका नाही. गोगलगाय फ्लोटवर बसली, फ्लोट शेवाळाने अडकला किंवा टँकला कुठे गळती लागली तरी नुकसान ४ लिटरवर थांबतं आणि तुम्हाला कळतंही.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की दिवे दहा वेळा जातात-येतात. दर वेळी बोर्ड नव्याने सुरू होतो आणि डोसांची मोजणी शून्यावर आली तर २४ तासांची मर्यादा नावालाच उरते. म्हणून मोजणी आणि कुलुपाची स्थिती बोर्डाच्या कायमच्या मेमरीत, डोस देण्याआधी लिहायची. सुरू झाल्यावर पहिली ५ मिनिटं पंपाला परवानगीच द्यायची नाही. प्रोग्रॅम अडकला तर बोर्ड स्वतः रीसेट व्हावा म्हणून वॉचडॉगही चालू ठेवा.

वायफाय हवं असेल तर डोस दिल्याचा आणि कॅन संपत आल्याचा निरोप फोनवर पाठवता येतो. मात्र नेट नसेल तर पंपाचं काम अडेल असा प्रोग्रॅम लिहू नका.

टँकला लावण्याआधी

सगळं जोडून नळी मोकळ्या बादलीत सोडा आणि मुद्दाम बिघाड घडवा. रोजचा फ्लोट हाताने खाली दाबून ठेवा: पंप १५ सेकंदांनी थांबतो का, ८ डोसांनंतर कुलूप पडतं का? दोन डोसांमधली थांबण्याची वेळ चाचणीपुरती मिनिटभर करा, म्हणजे ताटकळावं लागणार नाही, आणि नंतर परत १५ मिनिटं करायला विसरू नका. पंप चालू असताना आणीबाणीचा फ्लोट उचला. पंप तत्काळ थांबला पाहिजे. प्रत्येक फ्लोटची वायर एकेक करून काढून पाहा. डोसाच्या मध्येच प्लग काढा आणि पुन्हा लावा. शेवटी कॅन काठोकाठ भरून पंप थेट अ‍ॅडॅप्टरवर चालवा आणि तो पूर्ण रिकामा होऊ द्या, या वेळी खऱ्या टँकमध्ये, समोर उभं राहून. पाणी काठाखाली राहिलं तर मोजमाप बरोबर आहे. नंतर मगाने जादा पाणी काढून टाका.

देखभाल

कॅनला घट्ट झाकण हवंच. स्वच्छ साठलेलं पाणी म्हणजे डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायची जागा, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. झाकणाला नळी आणि वायरीपुरतंच भोक पाडा, हवेसाठी ठेवलेल्या बारीक छिद्रावर जाळी चिकटवा. पाणी संपो न संपो, आठवड्यातून एकदा कॅन रिकामा करून आतून घासा.

महिन्यातून एकदा फ्लोट काढून व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवा, क्षार सुटतात. स्वच्छ धुऊनच परत लावा आणि आणीबाणीचा फ्लोट उचलून रिले सुटल्याचा टिक आवाज येतो का ते ऐका. पंपाच्या तोंडाची जाळीही तेव्हाच धुवा. ऋतू बदलला की टेपवरच्या खुणांवरून रोजची गरज पुन्हा काढा. पावसाळ्यात २४ तासांची मर्यादा ४ वरून २ लिटरवर आणता येते.

दिवाळीला किंवा मे महिन्यात गावी जाण्याचा बेत असेल तर यंत्रणा किमान दोन आठवडे आधी चालू करा, म्हणजे तिच्या सवयी तुमच्या डोळ्यांसमोर दिसतील. १५ लिटर रोजच्या २ लिटरने सात दिवस पुरतात, त्याहून लांबचा मुक्काम असेल तर मध्ये एकदा कॅन भरायला कुणीतरी लागेल. शेजारच्या काकूंकडे किल्ली देणार असाल तर कॅबिनेटच्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा: पाणी कॅनमध्येच घालायचं, टँकमध्ये नाही, बझर वाजला तर पांढरा प्लग काढायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. आणि यंत्रणेचा अ‍ॅडॅप्टर त्या एकाच पांढऱ्या प्लगवर ठेवा, फिल्टर आणि हवेचा पंप वेगळ्या.